डाव्या हाताचा ऑक्सिजन

निपाणीपासून बेळगावपर्यंत भुलीच्या मशीनची माझ्याएवढी माहिती कुणाला असेल तर त्यानं समोर यावं. तीस वर्षं मी ऑपरेशन थिएटरात काढली. कुठल्या पेशंटला कुठली नळी, गॅस किती लिटर, ऑक्सिजन किती, सगळं मला पाठ. आता तुम्ही विचाराल, आप्पा, तुम्ही डॉक्टर होता काय? तर नाही. मी मशीन पुसत होतो. पण पुसता पुसता माणूस बघतो की नाही? सातवी नापास झाला म्हणून काय डोळे जातात?

तर त्या डोळ्यांनीच माझा घात केला. कप खाली ठेवा जरा, नाहीतर हसताना अंगावर सांडाल. मग घरी जाऊन माझ्या नावानं बोंब माराल.

आमच्या थिएटरात तीन तऱ्हेच्या नळ्या होत्या. डॉक्टर लोक त्यांना सर्किट म्हणायचे आणि एकेकाला कुठल्या तरी इंग्रज साहेबाचं नाव. ती नावं माझ्या तोंडात बसेनात, म्हणून मी आपली ठेवली. नळीच्या पोटात दुसरी नळी असायची, ती 'गरवार', म्हणजे पोटुशी. मशीनजवळ पिशवी लोंबायची ती जुनी नळी, 'आजोबा'. लहान पोरांची, छोट्या पिशवीला बुडाशी भोक असलेली, ती 'शेपटी'. पुढं पुढं मोठे डॉक्टरसुद्धा आतनं हाक मारायचे, "आप्पा, गरवार आण." बाहेर बसलेल्या नातेवाइकांना घाम फुटायचा. आत त्यांच्या मामाचं हर्नियाचं ऑपरेशन चाललेलं असायचं.

नंतर एक नवं मशीन आलं. त्याला चुन्याच्या खड्यांचा डबा. माणसानं सोडलेली हवा त्या चुन्यातनं साफ होऊन परत त्याच्याच नाकात. मी पडलो तंबाखूच्या निपाणीत राहणारा, चुना दिसला की माझा अंगठा तळव्यावर आपोआप फिरतो. एक खडा तंबाखूत मळून बघितला. जिभेची साल निघाली. आठवडाभर मी पेजेवर होतो आणि घरात सांगितलं, उपास धरलाय.

कुठल्या नळीला किती लिटर लागतात, ह्याचंही गणित असायचं. पेशंट स्वतः श्वास घेतोय की डॉक्टर पिशवी दाबून देतायत, त्यावर कमीजास्त. त्यातलं मला एकच वाक्य पाठ झालं होतं, "किलोला सत्तर." म्हणजे एका किलो वजनाला मिनिटाला सत्तर मिली. हे वाक्य मी कुठंही फेकायचो. शिकाऊ डॉक्टर आला की विचारायचो, "पेशंटचं वजन किती? साठ? मग बेचाळीसशे. चला, पुढं." पोरं घाबरून वहीत लिहून घ्यायची. ते सत्तर कुठल्या नळीचं आणि कधी, हे कुणी विचारलं नाही म्हणून माझी अब्रू राहिली.

त्या शिकाऊ पोरांत एक होती सुमंगला. घरची भाषा कानडी, मराठी बोलायची जपून जपून, ओल्या फरशीवरनं चालल्यासारखी. पहिल्याच दिवशी मी तिला म्हटलं, "बाई, मोठे साहेब डावखुरे आहेत. डाव्या हाताचा स्टेथोस्कोप आणा, पळा." ती बिचारी पळाली. सगळे वॉर्ड झाले, स्टोअर झालं, शेवटी रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, "आत्ताच संपला, सोमवारी येईल." तोही माझाच माणूस.

ही सुमंगला आता बेळगावात भुलीची मोठी डॉक्टर आहे. नवरा दातांचा डॉक्टर. दोघं मिळून दवाखाना चालवतात. ज्याला सुईची भीती, ज्याला तोंडात हत्यार घातलं की उमासा येतो, त्याला नाकातनं गॅस देऊन हलकं करतात. झोपवत नाहीत. माणूस जागाच असतो, फक्त त्याला कशाचं काही वाटत नाही.

आणि माझी दाढ किडली.

तंबाखूनं तिचं काम चोख केलं होतं. आमच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरनं पहिल्या खेपेला तोंडात आरसा घातला, मी उमासे काढून त्याचं टेबल भरवलं. दुसऱ्या खेपेला त्याचं बोट चावलो. तिसऱ्या खेपेला त्यानं मला लांबनं येताना बघितलं आणि शटर ओढलं. शटरच्या आतनंच म्हणाला, "आप्पा, गालाला सूज आलीया, पू पसरायच्या आत बेळगावला जावा, गॅसवर काढून घ्या. न्हायतर ॲडमिट होऊन पुरी भूल घ्यावी लागंल."

आता खरं सांगतो, हसू नका. तीस वर्षं मी लोकांना "काय होत न्हाय, डोळे मिटा" म्हणत टेबलावर झोपवलं. पण मला स्वतःला सुई दिसली की मी दार शोधतो. हे कुणाला ठाऊक नव्हतं. मला तरी तसं वाटायचं.

बरोबर कस्तुरी होती. माझी बायको. मी बेळगावच्या वडगावचा, साड्या विणायच्या मागावर बसणाऱ्या घरातला. ती कडोलीची. तिथं दरवर्षी मराठीचं संमेलन भरतं, त्यामुळं तिथल्या माणसाला वाटतं, आपण बोललो की ते छापूनच येणार. ती कमी बोलते. पण जे बोलते ते खोडता येत नाही.

आम्ही निपाणीतनं बसलो. संकेश्वर गेलं तसा दाढेचा ठणका कमी झाला. हत्तरगीला आणखी कमी. काकतीजवळ तर दाढ पार बरी झाली.

"कस्तुरे, थांबलंय गं. हितंच उतरूया, परतीची गाडी घावंल."

"गप बसा."

"अगं, खरंच थांबलंय. आईच्यान."

तिनं माझ्या गालाला बोटानं नुसतं टोचलं. गाडीतली सगळी माणसं वळली. कंडक्टरच्या हातातनं तिकिटाचं मशीन पडलं.

"थांबलंय न्हवं?" ती म्हणाली.

आम्ही बेळगावला उतरलो.

सुमंगलानं मला दारातच ओळखलं. "आप्पा, या, या. पंधरा वर्षांनी माझ्या खुर्चीत बसायला आलात." असं म्हणून ती इतकी गोड हसली की मला ते हसू पटलं नाही. माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हाला पटलं असतं?

खुर्चीत पडलो. बोटाला चिमटा लावला, तो टुक टुक वाजायला लागला. कस्तुरी शेजारी स्टुलावर. मी म्हटलं, आपण अडाणी नाही हे आधीच कळलेलं बरं.

"डॉक्टरीणबाई, नळी कुठली? आजोबा लावा, गरवार नको."

"इथं त्यातलं काहीच नाही, आप्पा. हा नाकावरचा कप. एका नळीनं येतं, दुसऱ्या नळीनं तुम्ही सोडलेलं खिडकीबाहेर जातं. नाहीतर तुमच्याबरोबर मीपण हलकी होऊन बसेन."

तिनं मोठा कप लावला. माझ्या मिशा तुम्ही बघताच आहात. कपाच्या दोन्ही बाजूंनी फुस्स, फुस्स. ती म्हणाली, "लीक आहे. मिशी थोडी कापूया?"

"मान कापा," मी म्हटलं.

मधला कप लावला, तोही मिशीवर नाचायला लागला. मग तिनं खण उघडून लहान मुलांचा कप काढला. तो मिशीच्या वर, नाकाभोवती असा फिट्ट बसला की जणू मापानं शिवलाय. रंग गुलाबी. वास स्ट्रॉबेरीचा. कस्तुरीनं पदर तोंडाला लावला होता. रडत नव्हती.

"सहा लिटरनं सुरू करते," सुमंगला म्हणाली.

माझ्यातला तज्ज्ञ उठून बसला. "किती?"

"सहा."

"माझं वजन अडुसष्ट. किलोला सत्तर. पावणेपाच लिटर हुतात."

तिनं हातातलं काम थांबवलं. "ते सत्तर कशाचं, आप्पा? तुमच्या त्या गरवार नळीचं. तेही पेशंट झोपलेला असेल आणि पिशवी आम्ही दाबत असू तर. तुम्ही जागे आहात, श्वास तुमचा तुम्ही घेणार. इथं वजन धरून भागत नाही, पिशवी बघावी लागते. पिशवी चपटी पडली तर कमी पडतंय. फुग्यासारखी ताठ झाली तर जास्त होतंय. तुमच्या श्वासाबरोबर हलली म्हणजे बरोबर."

म्हणजे तीस वर्षांनी का होईना, कुणीतरी ते विचारलंच.

"ते मला ठाऊक हाय," मी म्हटलं. "तुमची परीक्षा घेत होतो."

"पास झाले ना? आता सुम्न कुंदर्री." म्हणजे गप बसा. "तोंडानं बोललात की नाकातला श्वास थांबतो."

समोर भिंतीवर टीव्ही होता, लहान पोरांना कार्टून दाखवायला. मी कुस्ती मागितली. तिनं लावली. पण खालचा पैलवान इतका गाढव निघाला की मला खुर्चीतनं त्याला डाव सांगणं भाग पडलं. दोन मिनिटांत सुमंगलानं टीव्ही बंद केला.

इथंच सगळं बिघडलं. टीव्ही काळा झाला आणि त्या काळ्या काचेत माझ्या पाठीमागचं मशीन दिसायला लागलं.

जवळचं मला पेपरातलं अक्षर दिसत नाही, पण लांबचं घारीसारखं दिसतं. काचेत रंग काही कळत नव्हते. पण मशीनवरच्या दोन उभ्या नळ्या आणि त्यांतल्या दोन गोट्या स्पष्ट दिसत होत्या. एक नळी ऑक्सिजनची, एक गॅसची. जितके लिटर सोडाल तितकी गोटी वर चढते. आणि आपल्याकडच्या मशीनची रीत अशी की डावीकडं ऑक्सिजन, उजवीकडं गॅस. हे मला गाढ झोपेतनं उठवून विचारा.

सुमंगलानं चावी फिरवली. उजवीकडची गोटी टुणकन उडाली आणि सहावर जाऊन बसली. डावीकडची तळाला. मेलेल्या माशीसारखी.

मी डोळे मिटून उघडले. उजवी सहावर, डावी तळाला. म्हणजे नुसता गॅस, सहा लिटर. ऑक्सिजन शून्य.

नुसता गॅस नाकात गेला तर काय होतं, हे डॉक्टरला विचारायला लागत नाही, मशीन पुसणाऱ्यालाही ठाऊक असतं. त्या माणसाच्या घरी फोन करावा लागतो. आणि माझ्या घरचं माणूस तर शेजारीच बसलेलं.

डोक्यात एकच शब्द आला, स्टेथोस्कोप. पंधरा वर्षं बाईनं वाट बघितली होती.

"डॉक्टरीणबाई," मी म्हटलं, "डावी गोटी बघा. ऑक्सिजन."

तिनं मशीनकडं बघितलं. "डावी वर आहे, आप्पा. सहावर. ऑक्सिजन छान चाललाय. काही होत नाही, डोळे मिटा."

हेच शब्द. ह्याच आवाजात. तीस वर्षं मी दुसऱ्यांना म्हणत होतो ते. मला कळून चुकलं की आता आपलं काही खरं नाही.

मी नाकानं श्वास घ्यायचा बंद केला. तोंडानं घ्यायला लागलो.

"पिशवी हलत नाहीये," सुमंगला म्हणाली. "ताठ होतेय. आप्पा, नाकानं घ्या."

मी मान हलवली.

"आवं, डॉक्टर सांगताय तसं करा की," असं म्हणून कस्तुरीनं तिचा तळहात माझ्या तोंडावर ठेवला. चाळीस वर्षं भाकरी थापलेला हात. तो तोंडावर बसला की बसला. म्हणजे हीपण कटात होती. मला नाकानं घ्यावाच लागला. एक, दोन, तीन. स्ट्रॉबेरी, स्ट्रॉबेरी, स्ट्रॉबेरी.

"बास, आता हलतेय पिशवी," सुमंगला म्हणाली. कस्तुरीनं हात काढला.

बोटं झिणझिणायला लागली. चिमट्याची टुकटुक घोड्यासारखी पळायला लागली. मी म्हटलं, चढतोय. आता जास्तीत जास्त पाच मिनिटं. माणसानं जाताना निदान मनावरचं ओझं तरी खाली ठेवावं.

"सुमंगलाबाई, डाव्या हाताचा स्टेथोस्कोप नसतोय."

"मी डॉक्टर झाले, आप्पा. कळलं मला."

"त्यो औषधाचा दुकानदार माझा दोस्त हुता."

"हळू श्वास घ्या."

एक झालं. मी मान वळवली. "कस्तुरे, तुझी लोणच्याची बरणी माकडानं न्हाय फोडली."

"ठाऊक हाय."

"मी फोडली."

"आपल्या गल्लीत माकडं हायती कुठं?"

"तंबाखू सोडली म्हणून तुझ्या भावाम्होरं शपथ घेतली, त्यानंतर..."

"देव्हाऱ्यामागं पुडी असती. ठाऊक हाय."

"तुझ्या भावाच्या चपला..."

"पाण्याच्या टाकीवर. ठाऊक हाय. नाकानं घ्या."

"मला सुईचं भ्या वाटतंय गं."

"लगीन झाल्यापासनं ठाऊक हाय."

आता काय म्हणावं? माणूस शेवटचं बोलतोय आणि बायको शाळेत हजेरी घेतल्यासारखी "ठाऊक हाय, ठाऊक हाय" करतेय. आयुष्यभर लपवलेला माल, त्यात एक नग नवा निघेना. मग तळाशी एकच राहिलं. ते बाहेर येईना.

त्याआधी तुम्हाला थोडं मागं न्यायला पाहिजे. थिएटरातली नोकरी लागली तेव्हा मोठे साहेब म्हणाले होते, महिनाभर बघू. ऑक्सिजन कुठला आणि गॅस कुठला हे बिनचूक सांगता आलं तर राहा, नाहीतर परत मागावर. पहिल्या आठवड्यात मी दोनदा चुकलो. मला ए बी सी डी येत नव्हती. कस्तुरी सातवी पास. तेव्हा आम्ही वडगावातच राहत होतो, निपाणीला मी जाऊन-येऊन करायचो. सुट्टीच्या दुपारी लाइट गेली की माग थांबायचे आणि माझी शाळा सुरू व्हायची. मी मशीन कसं दिसतं ते सांगायचो आणि ती भिंतीवर खडूनं काढायची. न बघितलेलं मशीन. दोन नळ्या, दोन चाव्या. मग साडीचा उरलेला जरीचा दोरा तिनं माझ्या डाव्या मनगटाला बांधला. म्हणाली, "ह्या हाताला ऑक्सिजन. वाचाय न्हाय आलं तरी दोरा बघा." महिना संपला तेव्हा साहेबांनी दहादा विचारलं, दहादा बरोबर आलं. नोकरी पक्की झाली आणि आम्ही निपाणीला बिऱ्हाड केलं. दोऱ्याबद्दल कुणी विचारलं तर सांगायचो, देवाचा आहे.

आणि शिकवलं कुणी म्हणून विचारलं की मी सांगायचो, मोठ्या साहेबांनी. बायकोनं शिकवलं म्हणायचं कसं? सगळं थिएटर हसलं असतं. दुसऱ्यांना हसवायचं काम माझं होतं, माझ्यावर हसायचं नाही.

निवृत्तीच्या दिवशी हार घातला, नारळ दिला, बोला म्हणाले. मी अर्धा तास बोललो. साहेबांचे आभार, नर्सबायांचे आभार, वॉर्डबॉयचे आभार, थिएटरच्या मागच्या मांजराचेसुद्धा आभार. लोक पोट धरून हसले. कस्तुरी तिसऱ्या रांगेत बसली होती. तिचं नाव मी घेतलं नाही. घरी येताना ती एवढंच म्हणाली, "मांजराचं बरं आठवलं."

हे ते तळाशी राहिलेलं.

"कस्तुरे," मी म्हटलं, "मला साहेबांनी न्हाय शिकवलं."

तिनं स्टूल पुढं ओढलं.

"तू शिकवलंस. भिंतीवर काढून. त्या दोऱ्यावर तीस वर्सं आपलं घर चाललं, पोरांची शिक्षणं झाली. समारंभात मी मांजराचं नाव घेतलं आन् तुझं घेतलं न्हाय. तू जांभळं लुगडं नेसून आलतीस. मी तुझ्याकडं बघितलं सुदिक न्हाय. बघितलं असतं तर बोलाय आलं नसतं. तू नसतीस तर मी अजून मागावर असतो गं."

मी "ठाऊक हाय"ची वाट बघत होतो. ते आलं नाही. चिमट्याची टुकटुक तेवढी चालली होती. आणि माझ्या डाव्या मनगटावर तिचा हात होता, दोरा असायचा बरोबर तिथं. कधी ठेवला कुणास ठाऊक.

"चला आप्पा, आता थोडं थोडं वाढवत जाते," असं काहीतरी सुमंगला म्हणाली. गोट्या बघायचं भान मला राहिलं नव्हतं. पायांच्या तळव्यांना ऊब आली, हिवाळ्यात चुलीपुढं बसल्यासारखी. खुर्ची हलकी झाली. मीही हलका झालो. वाटलं, मरण इतकं सोपं असेल तर आपण उगाच घाबरत होतो. दातांचे डॉक्टर आले. सुई कधी टोचली कळलं नाही. दाढ माझ्याच तोंडातनं निघत होती, पण आवाज असा आला जसं शेजारच्या घरात कुणीतरी कपाट सरकवतंय. मला त्या शेजाऱ्याबद्दल लई माया वाटली.

मग डोक्यातलं धुकं निवळत गेलं. डॉक्टरांची दहाही बोटं जागेवर होती. बशीत दाढ होती. मी जिवंत होतो. सुमंगलानं आणखी पाच मिनिटं ऑक्सिजन दिला, गुलाबी कप काढला, मिशी बोटानं सरळ केली आणि म्हणाली, "झालं, आप्पा." त्या क्षणी मला तिचे पाय धरावेसे वाटले. खरंच सांगतो. ह्या पोरीला मी उन्हातनं औषधाच्या दुकानात पळवलं होतं, आणि तिनं माझ्या केसालाही धक्का न लावता मला त्या खुर्चीतनं उठवलं.

बाहेर बाकावर अर्धा तास बसायला सांगितलं. दाताखाली कापसाचा बोळा. बोलायचं नाही. तीन मिनिटं मी ते पाळलं.

जिवंत असल्याचा आनंद साधारण तेवढाच टिकतो. मग आठवायला लागतं, आपण काय काय बोललो. लोणचं. टाकी. सुई. आणि ते शेवटचं. कस्तुरी शेजारी बसली होती, मांडीवर पिशवी, आणि तोंडावर असं काहीतरी जे मी पूर्वी बघितलं नव्हतं. मी घाबरलो. म्हटलं, ही आता निपाणीभर सांगणार. चौकातले आमचे टपरीवाले मित्र, म्हणजे तुम्हीच, मला जगू देणार नाहीत.

"कस्तुरे," मी बोळ्याच्या बाजूनं म्हटलं, "आत काय बोललो असंन त्ये मनावर घिऊ नगंस. त्यो गॅस बोलत हुता."

"व्हय?" ती म्हणाली. आणि ते तोंडावरचं जे काही होतं ते विझलं. तिनं पिशवीचे बंद सरळ केले आणि दाराकडं बघत बसली.

मला कळलं, हे चुकलं. पण माझ्यासारख्याला एक चूक झाकायला दुसरी मोठी लागते. बाकावर गाल सुजलेला एक गडी बसला होता. मी त्याला म्हटलं, "पाव्हणं, जपून बरं का. मी ह्या लायनीतला हाय म्हणून वाचलो. मला ह्यांनी सहा लिटर नुसता गॅस दिला. ऑक्सिजन शून्य. मी डोळ्यांनी बघितलंय. आत मी काय बडबडलो त्ये मलाच ठाऊक न्हाय."

गड्यानं रुमाल गालावर घट्ट धरला आणि चपला शोधायला लागला. आणखी दोघं उठली. तेवढ्यात सुमंगला दारात आली. तिनं सगळं ऐकलं होतं. मी म्हटलं, आता बोलणी खाणार. पण ती एवढंच म्हणाली, "आप्पा, आत या. पाव्हणं, तुम्हीपण या."

तिनं मला खुर्चीत बसवलं. "टीव्हीत बघा. ऑक्सिजन कुठं आहे?"

"डावीकडं. तळाला."

तिनं चावी फिरवली. उजवीकडची गोटी वर गेली. मी गड्याकडं बघितलं, म्हणजे बघा, खोटं सांगत होतो काय?

"आता मागं वळून बघा."

मी वळलो. मशीनवर डावीकडची गोटी सहावर. उजवीकडची तळाला.

मी परत टीव्हीकडं बघितलं. परत मशीनकडं. दर महिन्याला न्हाव्याच्या आरशापुढं बसतो मी. त्या आरशात भिंतीवरचं घड्याळ उलटं चालतं, ते बघत बसतो.

"सुरुवातीची सात मिनिटं नुसता ऑक्सिजन होता," सुमंगला म्हणाली. "आधी तोच देतात. बोटाच्या चिमट्यावरचा ऑक्सिजनचा आकडा सगळा वेळ नव्याण्णव. आणि ह्या मशीनमध्ये ऑक्सिजन बंद झाला तर गॅस आपोआप बंद होतो, नुसता गॅस सोडायचं म्हटलं तरी सुटत नाही. हे बघा, कागदावर वेळ लिहिलीय. ऑक्सिजन कधी, गॅस कधी. तुम्ही जे काही बोललात ते पहिल्या सात मिनिटांत. गॅस सुरू झाल्यावर एक शब्द बोलला नाहीत. तुम्हाला इतकं शांत मी पहिल्यांदाच बघितलं."

गडी रुमालाआडनं हसत होता. मी बोळा चघळत होतो.

"डाव्या हाताचा स्टेथोस्कोप मी दोन तास शोधला होता, आप्पा," ती म्हणाली. "तुम्हाला डाव्या हाताचा ऑक्सिजन दोन मिनिटांत सापडला. फक्त उजवीकडं."

तेवढ्यात कस्तुरी आत आली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. सरळ मशीनपाशी गेली आणि उभी राहिली. मघाशी ती स्टुलावर होती, पण तिचं सगळं लक्ष माझ्या तोंडाकडं. मशीन ती आता जवळनं बघत होती, आयुष्यात पहिल्यांदा. दोन नळ्या, दोन चाव्या. तिनं बोट वर केलं आणि डावीकडच्या नळीला नुसतं टेकवलं. तिनं भिंतीवर खडूनं काढलेली नळी बरोबर तिथंच होती.

मग ती वळली.

"डॉक्टर, म्हंजी गॅस न्हवता?"

"नाही काकू. शुद्ध ऑक्सिजन. आप्पा पूर्ण शुद्धीत होते."

मी खुर्चीत जितकं खाली सरकता येतं तितकं सरकलो. गुलाबी कप बाजूच्या ताटात होता. तो तोंडावर ओढावा असं वाटलं.

कस्तुरीनं पिशवी खांद्याला अडकवली, पदर सारखा केला, आणि अगदी सावकाश, छापून येणार असल्यासारखं बोलली, "बाहेरच्या हवेत चाळीस वर्सं ह्या माणसाच्या तोंडातनं ज्ये आलं न्हाय, त्ये तुमच्या हवेत सात मिंटांत आलं. डॉक्टर, ह्याची एक टाकी घरला न्याय मिळंल का?"